दुर्बीण-बैठक (बोल्ट रायफलीची)

दुर्बीण-बैठक : रायफलीच्या रिसीव्हरवर, म्हणजे नळीच्या मागच्या, बोल्ट (काडतूस आत ढकलून कोंडणारा सरकता दांडा) सामावणाऱ्या भागावर, नेम धरण्याची दुर्बीण पक्की बसवणारा धातूचा जोड. बोलण्यात याला सरसकट ‘माउंट’ म्हणतात. त्याचे दोन भाग असतात. रिसीव्हरला स्क्रूने आवळलेली पट्टी म्हणजे बेस, आणि दुर्बिणीची नळी कवेत धरणाऱ्या दोन कड्या म्हणजे रिंगा. काही कारखाने रिसीव्हरच्या माथ्यावरच खाचा कोरतात. तेथे वेगळा बेस लागत नाही, रिंगा थेट बसतात.

बैठकीचे महत्त्व साध्या भूमितीतून कळते. दोन रिंगांमधले अंतर साधारण १० सेंमी. असते. त्यांपैकी एक रिंग ०.१ मिमी. उचलली गेली, तर १०० मीटरवर गोळी १० सेंमी. वर किंवा खाली लागते. ०.१ मिमी. म्हणजे साध्या कागदाची जाडी. दुर्बीण कितीही महागडी असली तरी ही चूक तिला भरून काढता येत नाही. म्हणून निवड रिसीव्हरपासून सुरू करून वर जावी. आधी आवडलेली दुर्बीण घ्यायची आणि मग तिला बसेल ते माउंट शोधायचे, हा उलटा क्रम सर्वत्र दिसतो आणि बहुतेक अडचणी त्यातूनच उद्भवतात.

उगम : बंदुकीवर दुर्बीण प्रथम कोणी बसवली याविषयी एकमत नाही. अमेरिकी परंपरा जॉन चॅपमन आणि मॉर्गन जेम्स यांच्याकडे बोट दाखवते. त्यांची बंदुकीच्या नळीएवढी लांब दुर्बीण १८४० च्या दशकात प्रचारात आली. ब्रिटिश परंपरेत डेव्हिडसन या अधिकाऱ्याचे नाव पुढे येते. तो मुंबई फौजेत होता आणि १८३० च्या दशकातच हिंदुस्थानातील शिकारीत त्याने दुर्बीण वापरली, असे सांगितले जाते. ऑस्ट्रियातील वनाधिकारी फीडलर यालाही मान दिला जातो, पण तो साधारण १८८० च्या सुमाराचा, म्हणजे बराच नंतरचा. कालक्रमाचे हे भांडण दुर्बिणीचे आहे. बैठकीपुरते पाहिले तर डेव्हिडसनचा दावा अधिक वजनदार वाटतो. अमेरिकी यादवी युद्धात (१८६१–६५) दक्षिणेकडील निशाणबाजांच्या काही व्हिटवर्थ रायफलींवर त्याच्या पद्धतीची दुर्बीण होती, आणि ती नळीच्या माथ्यावर नसून डाव्या बाजूला होती. माथा मोकळा ठेवून बाजूने दुर्बीण धरण्याचा विचार यात स्पष्ट दिसतो. हाच विचार पुढे ब्रिटिश सैन्याच्या ली-एनफील्ड रायफलींत वारंवार येतो, आणि आपल्या रायफलीवर दुर्बीण कशी बसवावी हा मराठवाड्यातील परवानाधारकाचा प्रश्नही तेथेच येऊन ठेपतो.

पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी ली-एनफील्डवर बसवलेल्या अनेक दुर्बिणी डावीकडे सरकवलेल्या होत्या. वरून क्लिपने (काडतुसे एकत्र धरणाऱ्या पट्टीने) काडतुसे भरता यावीत हे त्यामागचे कारण होते. त्याची किंमत नेमबाजाच्या गालाने मोजली. डोळा दुर्बिणीमागे नेताना गाल दस्त्यावरून सुटे. दुसऱ्या महायुद्धातील ‘नंबर ४ (टी)’ रायफलीत हा दोष काढला. रिसीव्हरच्या डाव्या भिंतीवर दोन धातूच्या गाद्या बसवल्या, त्यांवर दुर्बीण धरणारा कंस अंगठ्याने फिरवायच्या दोन मोठ्या स्क्रूंनी आवळला, दुर्बीण नळीच्या रेषेवर आणली आणि दस्त्यावर लाकडी गालपट्टी चढवली. नोंदकर्त्याच्या मते बाजूच्या बैठकीचा हा सर्वांत विचारपूर्वक नमुना आहे.

पट्टीच्या खाचांचा वाद : आज बाजारात मिळणारे बहुतेक बेस वीव्हर किंवा पिकाटिनी या दोन घाटांचे असतात. विल्यम वीव्हर याने १९३० मध्ये अमेरिकेत दुर्बिणींचा कारखाना काढला. आडव्या खाचांची पट्टी त्याच्याच नावाने ओळखली जाते. पिकाटिनी हे न्यू जर्सीतील शस्त्रागाराचे नाव. तेथे आखलेले प्रमाण अमेरिकी सैन्याने १९९५ मध्ये ‘मिल-एसटीडी-१९१३’ या क्रमांकाने स्वीकारले. ही पट्टी मूळ कोणाची, यावर मतभेद आहेत. माउंट बनवणाऱ्या खाजगी कारागिरांनी १९८० च्या दशकातच ती घडवली होती आणि शस्त्रागाराने फक्त मापे ठरवून दिली, असा एक पक्ष आहे. दुसरा पक्ष सारे श्रेय शस्त्रागाराला देतो. आधी वीव्हर, मग कारागिरांचे प्रयोग आणि शेवटी सरकारी मापन, हा क्रम अधिक संभवनीय दिसतो. वापरणाऱ्याला मात्र मापे ठाऊक हवीत. वीव्हरची खाच ४.५७ मिमी. रुंद असते व दोन खाचांमधले अंतर ठरलेले नसते. पिकाटिनीची खाच ५.२३ मिमी. असून खाचांचे अंतर १०.०१ मिमी. असे नेमके आहे. त्यामुळे वीव्हरच्या रिंगा पिकाटिनी पट्टीवर सहसा बसतात, पण पिकाटिनीच्या रिंगेचा आडवा दांडा वीव्हरच्या खाचेत उतरेलच असे नाही. वीव्हरची रिंग रुंद खाचेत थोडी हलते, म्हणून आवळण्यापूर्वी ती पुढे, नळीच्या तोंडाकडे रेटावी. धक्क्याने रायफल मागे जाते आणि दुर्बीण जडत्वाने जागीच राहू पाहते, म्हणजे रायफलीच्या मानाने ती पुढे सरकते. दांडा आधीच खाचेच्या पुढच्या भिंतीला टेकलेला असेल, तर सरकायला जागा उरत नाही.

.२२ (नळीचे माप, इंचांत) रायफलींवर वेगळा प्रकार दिसतो. तेथे रिसीव्हरवरच सुमारे ११ मिमी. रुंदीची निमुळती धार असते व रिंगा तिला चिमट्यासारख्या धरतात. धक्का नगण्य असल्याने एवढी पकड पुरते. हीच रिंग मोठ्या काडतुसाच्या रायफलीवर लावू नये.

मराठवाड्यातील रायफली : १९४८ पर्यंत हा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता. त्या काळापासून घराण्यांत चालत आलेल्या माउझर या जर्मन पद्धतीच्या रायफली व नंतरच्या इशापूर (पश्चिम बंगाल) येथील सरकारी कारखान्याच्या .३१५ रायफली, असे दोन प्रकार येथे मुख्यतः विचारात घ्यावे लागतात. .३०३ हे सैनिकी माप खाजगी वापरास बंद असल्याने ८ × ५० मिमी. मॅनलिकर काडतुसावरून आलेले .३१५ हे माप भारतात रूढ झाले. इशापूरची ही रायफल ली-एनफील्ड घडणीची आहे.

ली-एनफील्ड घडणीत बोल्ट साधारण ६० अंशच उचलावा लागतो आणि सेफ्टी (चुकून बार उडू न देणारी कळ) डाव्या बाजूला असते. दोन्ही दुर्बिणीच्या आड येत नाहीत. अडचण मागच्या बाजूला आहे. तेथे बेससाठी सपाट, रुंद माथा मिळत नाही, आणि क्लिपची कमान असल्यास माथ्यावरची पट्टी तिच्यावरून उंच न्यावी लागते. म्हणून या रायफलीला डाव्या भिंतीवरची बैठक स्वभावतः जुळते. भोके न पाडता, मागील नेमपट्टीच्या जागी पकडणारे माउंटही मिळते. त्याची पकड अपुरी असते. नोंदकर्ता ते सुचवणार नाही.

माउझर ९८ ची गोष्ट उलटी. रिसीव्हरचे पुढचे कडे गोल आणि भरीव असल्याने बेस उत्तम बसतो. पण सैनिकी घाटाचा बोल्ट ९० अंश फिरून सरळ उभा राहतो आणि दुर्बिणीच्या पोटाला आदळतो. मागची सेफ्टीही माथ्यावरून पलटते. उपाय दोनच : रिंगा उंच घेणे, किंवा बोल्टची दांडी वाकवून सेफ्टी बदलणे. उंच रिंगांनी गाल दस्त्यावरून सुटतो, तर दुसऱ्या उपायाने आजोबांच्या रायफलीचे मूळ रूप जाते. जुनी, अस्सल रायफल असेल तर तिला भोके पाडू नयेत, उघड्या नेमावर (दुर्बिणीविना, मूळ नेमपट्टीवर) वापरावी, हे मत येथे स्पष्टपणे नोंदवावेसे वाटते. बुजवलेले भोक पोलादात कायमचे दिसते.

भोके पाडणे, आटे काढणे व बोल्ट वाकवणे ही कामे गावच्या लेथवर करण्यासारखी नाहीत. शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार शस्त्राची दुरुस्ती व रूपांतर करण्यासही परवाना लागतो. तांत्रिक धोकाही खरा आहे. पुढच्या बेसचा स्क्रू अर्धा मिलिमीटर लांब निघाला तरी त्याचे टोक बोल्टच्या वाटेत येऊ शकते किंवा नळीच्या आट्यांना टेकते. बेस बसवल्यावर बोल्ट रिकामा पुढेमागे करून अडकतो का ते पाहावे.

उंची व पकड : रिंग दुर्बिणीच्या नळीच्या मापाची हवी. २५.४ मिमी. आणि ३० मिमी. ही दोन मापे सर्रास आढळतात. एकाची रिंग दुसऱ्याला पत्रा घालून बसवू नये. उंची ठरवताना दुर्बिणीच्या पुढच्या तोंडाची बाहेरची त्रिज्या धरावी. ४० मिमी. भिंगाचे तोंड बाहेरून सुमारे ४७ मिमी. भरते, म्हणजे मध्यापासून २३.५ मिमी. त्यात रायफलीच्या नळीची तेथली त्रिज्या आणि दोन-तीन मिमी. फट मिळवली की दोन मध्यरेषांमधले किमान अंतर मिळते. उंचीचा आकडा कोणी रिंगेच्या तळाशी मोजतो, कोणी मध्याशी. वेष्टनावरील ‘लो’, ‘मीडियम’ हे शब्द कारखान्यागणिक बदलतात. या हिशेबात बसणारी सर्वांत बुटकी रिंग घ्यावी. डोळा व मागचे भिंग यांत ७५ ते १०० मिमी. अंतर राहिले पाहिजे, नाहीतर धक्क्यात भुवई फुटते.

पोलाद की ॲल्युमिनियम, याचे उत्तर येथील उन्हाळ्यावरून दिले जाते. उन्हाने ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते हे खरे, पण ३० अंशांच्या फरकाला १० सेंमी. लांबीत तो फरक केवळ ०.०३ मिमी.च्या आसपास येतो आणि तोही लांबीच्या दिशेने, उंचीच्या नव्हे. गोळी भरकटली की उन्हाला दोष देण्याआधी स्क्रू तपासावेत. पोलादी बैठक घ्यावी ती तिच्या आट्यांच्या टिकाऊपणासाठी. रिंगेचे स्क्रू सहसा १.७ ते २.३ न्यूटन-मीटर ताकदीने, आळीपाळीने व दोन्ही बाजूंची फट सारखी ठेवत आवळतात; कारखान्याने दिलेला आकडा वेगळा असल्यास तोच पाळावा. बेसच्या भोकांतले तेल आधी पुसून काढावे.

आजचा वापर : वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार छंदाची शिकार बंद आहे. उभ्या पिकांची नासाडी करणाऱ्या रानडुक्कर किंवा रोही यांसारख्या प्राण्याविरुद्ध मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्याने प्राधिकृत केलेल्या अधिकाऱ्याच्या लेखी आदेशानेच बंदूक उचलता येते. काळवीट पहिल्या अनुसूचीत असल्याने पिकाच्या कारणावरून त्याला मारण्याची मुभा मिळत नाही, ते हरभऱ्यात रोज उतरत असले तरी. अशा परवानगीच्या कामात अंतर बहुधा १०० मीटरच्या आतले असते, तुरीच्या वा उसाच्या कडेला, अंधुक उजेडात. तेथे कमी शक्तीची दुर्बीण, बुटक्या रिंगा, आणि दुर्बीण चटकन उतरवून उघड्या नेमावर येता येईल अशी तरफेची बैठक, हा संच योग्य ठरतो. दूरच्या निशाण्यासाठी असलेला २० मिनिटे (कोनाचे माप; एका अंशाची ६० मिनिटे) उताराचा बेस १०० मीटरवर नेमरेषेत सुमारे ५८ सेंमी.चा फरक पाडतो. तो लांब पल्ल्याच्या रेंजवर उपयोगी. शेतात त्याचे काही काम नाही. येथे नेम चुकणे म्हणजे जखमी जनावर उसात शिरणे. त्याला यातना होतात, आणि सकाळी तोडणीला येणाऱ्या मजुरांच्या जिवाला धोका होतो.

खडबडीत रस्त्याने जीपमधून नेल्यावर स्क्रू ढिले होतात. आवळून झाल्यावर स्क्रूचे डोके आणि रिंग यांवरून नखरंगाची एक बारीक रेघ ओढून ठेवतात. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरला असे समजते. तेव्हा तो पुन्हा ठरल्या ताकदीने आवळून, अधिकृत रेंजवर नेम नव्याने जुळवल्याशिवाय रायफल कामास घेऊ नये.