पाटी, डिश आणि अंगणातली दोरी

अमेरिकेतल्या कुठल्याही लहानशा शहराची झोनिंगची, म्हणजे कोणत्या जागेत काय चालेल हे ठरवणारी, नियमावली उघडा, त्यात दोन प्रकरणं हमखास सापडतात. एक दुकानांच्या पाट्यांचं: किती चौरस फूट, किती उंच, लुकलुकणारे दिवे चालतील की नाही. दुसरं घराच्या आवारातल्या यंत्रांचं: एसीचं बाहेरचं युनिट, जनरेटर, पोहण्याच्या तलावाचा पंप हद्दीपासून किती फूट आत हवेत आणि रस्त्यावरून दिसू नयेत म्हणून आडोसा कसा करायचा. वरवर पाहता या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण भांडण एकच आहे. जागा माझी, त्रास शेजाऱ्याला. मग नगर परिषदेने मध्ये पडायचं की नाही, आणि पडायचं तर कोणत्या कारणाने?

पाट्यांवरचे निर्बंध झोनिंगहून कितीतरी जुने. अठराव्या शतकातल्या लंडनमध्ये दुकानांच्या जडशीळ पाट्या लोखंडी दांड्यांवर रस्त्याच्या वर टांगलेल्या असत. १७१८ मध्ये फ्लीट स्ट्रीटजवळच्या ब्राइड लेनमध्ये अशी एक पाटी भिंतीचा दर्शनी भाग सोबत घेऊन कोसळली आणि चार जण दगावले. तरी टांगत्या पाट्या उतरवायला १७६२ उजाडलं. पॅरिसने त्याच्या आदल्याच वर्षी पाट्या भिंतीला सपाट लावण्याचा हुकूम काढला होता. इथे कारण स्वच्छ होतं: डोक्यावर पडेल.

अमेरिकेत प्रकरण इतकं सरळ राहिलं नाही. सुरुवातीच्या नियमांचा इतिहास फारसा अभिमानाचा नाही. १८८५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मोडेस्टोने लाँड्र्या रेल्वे रुळांच्या पलीकडेच चालवाव्यात असा नियम केला. त्या चालवणारे बहुतेक चिनी होते, हे काही योगायोगाने घडलं नव्हतं. १९१६ मध्ये न्यूयॉर्कने संपूर्ण शहराला लागू होणारी झोनिंगची नियमावली केली. त्यामागे इक्विटेबल बिल्डिंग या गगनचुंबी इमारतीची अजस्र सावली होती, तसेच फिफ्थ ॲव्हेन्यूवरचे शिवणकामाचे कारखाने नको झालेले व्यापारीही होते. पुढे हर्बर्ट हूवर यांच्या वाणिज्य खात्याने राज्यांसाठी नमुना कायदा छापला. आजही एका गावाची नियमावली दुसऱ्या गावासारखी वाचली जाते, त्याचं बरंचसं श्रेय त्या नमुन्याला. १९२६ मध्ये ओहायोतल्या युक्लिड गावाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निवासी, व्यापारी, औद्योगिक अशा विभागणीवर शिक्कामोर्तब केलं. न्यायमूर्ती सदरलँड यांनी लिहिलं की उपद्रव म्हणजे कित्येकदा योग्य वस्तू अयोग्य जागी असणं, गोठ्याऐवजी दिवाणखान्यात डुक्कर असावं तसं.

जाहिरातफलकांचं दुखणं वेगळं होतं. ते लोकांना कुरूप वाटत, पण कुरूपता हे कायद्यात कारण नव्हतं. १९०५ मध्ये न्यू जर्सीच्या न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की सौंदर्य ही चैन आहे, गरज नव्हे. मग शहरांच्या वकिलांनी युक्ती केली. फलकामागे कचरा साठतो, आग लागते, चोर लपतात, अनैतिक प्रकार चालतात, अशी यादी तयार झाली. १९११ मध्ये मिसूरीच्या न्यायालयाने ती मानली, १९१७ मध्ये शिकागोच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही. फलकामागे खरोखर किती गुन्हेगार दडून बसत होते, याची चौकशी फार कुणी केलेली दिसत नाही. मला तरी ही सगळी आडवळणाची बुद्धिमत्ता वाटते: नको होतं ते दृश्य, पुढे केली ती आग.

हा आडपडदा १९५४ मध्ये गळून पडला. वॉशिंग्टनमधल्या पुनर्विकासाच्या खटल्यात न्यायमूर्ती डग्लस यांनी मान्य केलं की वस्ती निरोगी असावी तशी ती सुंदरही असावी, असं ठरवण्याचा अधिकार कायदेमंडळाला आहे. याचा पुढचा अर्थ न्यूयॉर्क राज्यातल्या राय शहरातल्या एका जोडप्याला कळला. वाढलेल्या कराचा निषेध म्हणून त्यांनी १९५६ मध्ये घरासमोरच्या अंगणात दोरी बांधली आणि तिच्यावर फाटके कपडे, चिंध्या, जुने गणवेश लटकवले. दरवर्षी एक दोरी वाढत गेली. १९६१ मध्ये शहराने समोरच्या अंगणात दोरी बांधण्यावर बंदी घातली. हा आमचा निषेध आहे, भाषणस्वातंत्र्य आहे, हे म्हणणं १९६३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने फेटाळलं. एका वाळत घालायच्या दोरीने ठरवलं की निव्वळ दिसण्यासाठीही घराच्या आवारात नियम करता येतात.

त्यानंतर पाट्या आणि यंत्रं यांच्या वाटा वेगळ्या झाल्या.

१९६५ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या पत्नी लेडी बर्ड यांच्या आग्रहातून महामार्गालगतच्या जाहिरातफलकांना आवर घालणारा महामार्ग सुशोभीकरण कायदा आला. व्हरमाँटने तर १९६८ मध्ये रस्त्याकडेच्या जाहिरातफलकांवर बंदीच घातली. पण पाटीवर शब्द असतात, म्हणजे भाषणस्वातंत्र्य आलं, आणि तिथे शहरांचे हात बांधले गेले. सेंट लुइसजवळच्या लाड्यू या उपनगरात एका रहिवासी बाईंनी आखाती युद्धाविरुद्ध साडेआठ बाय अकरा इंचांचा कागद खिडकीत लावला होता. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्यांच्या बाजूने निकाल दिला. २०१५ चा गिल्बर्टचा खटला याहून दूर गेला. ॲरिझोनातल्या त्या शहरात विचारप्रचाराच्या पाटीला वीस चौरस फूट मोकळे होते. स्वतःची इमारत नसलेल्या एका छोट्या चर्चला मात्र प्रार्थनेचं ठिकाण दाखवायला सहाच चौरस फूट, आणि तेही प्रार्थनेच्या बारा तास आधीपासून नंतर तासाभरापर्यंत. मजकूर वाचून नियम बदलत असेल तर तो टिकणं जवळजवळ अशक्य, असं न्यायालयाने ठरवलं. देशभरच्या शहरांना आपली पाट्यांची प्रकरणं नव्याने लिहावी लागली. २०२२ मध्ये ऑस्टिनच्या खटल्यात थोडी सवलत मिळाली: पाटी त्याच जागेतल्या धंद्याची आहे की दुसरीकडच्या, एवढा भेद चालतो.

यंत्रांना भाषणस्वातंत्र्याचा आधार नाही; त्यांची सुटका झाली ती वरच्या सरकारांमुळे. १९८५ मध्ये केंद्रीय दळणवळण आयोगाने हौशी रेडिओवाल्यांच्या अँटेनांना वाजवी सवलत द्यायला सांगितलं. १९९६ च्या कायद्याने एक मीटरपर्यंतच्या डिशवर शहरांना किंवा गृहसंस्थांना सहसा बंदी घालता येईनाशी झाली. कॅलिफोर्नियाने सौर पॅनेलना १९७८ मध्येच संरक्षण दिलं होतं. फ्लोरिडासारख्या काही राज्यांत आता कपड्यांच्या दोरीलाही आहे.

एसीचं युनिट आणि जनरेटर यांच्यामागे असा मोठा कुणी उभा राहिला नाही. त्यामुळे त्यांचं अंतर, आवाजाची मर्यादा आणि आडोशाची उंची अजून प्रत्येक गाव आपलं आपण ठरवतं.