पाच मिनिटांचा धडा, पण कोणाच्या वेळेत? : पार्श्वभूमी

मोबाइलवरचा छोटा धडा कारखान्यातल्या कामगारापर्यंत पोचायची वाट मोकळी झाली ती सप्टेंबर 2016 नंतर, डेटा एकदम स्वस्त झाला तेव्हा. संगणकावरचे प्रशिक्षण त्याआधीही होते, पण ते प्रामुख्याने बँका, विमा आणि सॉफ्टवेअर कंपन्यांत. सोलापूरच्या पूर्व भागात किंवा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत माग चालवणाऱ्याला संगणकापुढे कोण बसवणार? 2020च्या टाळेबंदीत दहा-वीस जणांना एकत्र बसवून शिकवणेच बंद पडले आणि एका वेळी एकच गोष्ट सांगणाऱ्या तीन ते पाच मिनिटांच्या धड्यांना सगळीकडे जोर आला. धागा तुटल्यावर माग कसा थांबवायचा, टॉवेलच्या कडेचा दोष कसा ओळखायचा, गणवेशाच्या कॉलरची शिलाई कुठे चुकते, असे विषय या साच्यात चपखल बसतात.

मुळे अर्थात जुनी आहेत. शिकलेले किती झपाट्याने विसरते आणि अंतराने उजळणी केली की किती टिकते, याचे मोजमाप एका जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 सालीच मांडले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या कारखान्यांनी नवख्या माणसांना तयारी, दाखवणे, करून घेणे आणि तपासणे या चार पायऱ्यांनी शिकवले. ती पद्धत पुढे भारतातही आली. सोलापुरात 1877 साली पहिली गिरणी सुरू झाली तेव्हापासून शिकवणे जॉबरच्या, म्हणजे कामगार आणून त्यांच्याकडून काम करून घेणाऱ्या मुकादमाच्या हातात. भरती त्याचीच, रजा त्याच्याच मर्जीवर, त्यामुळे शिकणाऱ्याला प्रश्न विचारायचीही सोय नव्हती. 1931च्या सरकारी अहवालात या पद्धतीवर कडक टीका झाली, तरी ती लगेच गेली नाही. पुढे गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, काम यंत्रमागाच्या शेडमध्ये गेले आणि शिकवणे शेजारच्या मागावरच्या माणसावर आले.

आजचा खरा वाद धड्याच्या लांबीचा नाही. तो पाळीत घ्यायचा की पाळीबाहेर, आणि त्या वेळेचे पैसे कोणी सोसायचे, हा आहे. महिन्याच्या पगारावर काम करणाऱ्या कार्यालयात पाच मिनिटे कोणाच्या लक्षातही येत नाहीत. सोलापूरच्या मागावर आणि शिलाईच्या टेबलावर मजुरी बहुतेक नगावर असते. माल उतरला तर पैसे. दोन माग सांभाळणारा धडा पाहायला बसला की दोन्ही थांबतात आणि त्याची किंमत त्याच्याच खिशातून जाते. म्हणून मग मार्ग निघतो तो "घरी गेल्यावर बघ" असा. बारा तास उभा राहून आलेल्या माणसाने रात्री जेवल्यावर मालकाच्या कापडातले दोष ओळखायला शिकावे, ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते.

कारखानदारांची बाजूही पोकळ नाही. शिकवलेला माणूस दुसऱ्या दिवशी शेजारच्या शेडमध्ये चार पैसे जास्त घेऊन गेला, तर खर्च एकाचा आणि फायदा दुसऱ्याचा. सुताचे भाव वरखाली होत असताना शंभर नगांमागचा नफा काही रुपयांवर येतो, हेही खरे. पण नगावरच्या मजुरीत वेळेचे पैसे मोजताच येत नाहीत, हा युक्तिवाद टिकत नाही. 1948च्या कारखाना कायद्याच्या 59व्या कलमात जादा कामासाठी याचे सूत्रच दिले होते: आदल्या महिन्यात त्याच कामावर पूर्णवेळ केलेल्या दिवसांची सरासरी कमाई काढायची आणि तोच वेळेचा दर धरायचा. समजा, आठ तासांत 600 रुपये पडतात. मग पाच मिनिटांचे सव्वासहा रुपये. रोज एक धडा धरला तरी 26 दिवसांचे 162 रुपये 50 पैसे. यावर वाद घालण्यापेक्षा ते देऊन टाकणे स्वस्त पडेल.

अमेरिकेतला नियम इथे उपयोगी आहे. प्रशिक्षणाचा वेळ बिनपगारी ठरवायचा असेल तर चार अटी एकत्र पुऱ्या व्हाव्या लागतात: ते कामाच्या वेळेबाहेर असावे, ऐच्छिक असावे, हातातल्या कामाशी थेट संबंधित नसावे आणि त्या वेळात दुसरे काम करून घेतलेले नसावे. कॉलरच्या शिलाईचा धडा तिसऱ्याच अटीत अडकतो. आपल्याकडे 1987च्या दुरुस्तीने कारखान्यातल्या कामगाराला आरोग्य आणि सुरक्षेचे प्रशिक्षण मागण्याचा हक्क मिळाला, कौशल्याच्या धड्यांचा नाही. नव्या कामगार संहितेत विजेवर चालणारी जागा कारखाना ठरायला किमान 20 कामगार लागतात. सोलापुरातल्या कित्येक शेडमध्ये तेवढी माणसेच नसतात, म्हणजे तिथे कारखान्यांसाठीच्या या तरतुदी पोचतच नाहीत.

भाषेकडेही फार दुर्लक्ष होते. मागावरच्या कितीतरी घरांत तेलुगू बोलतात, काहींत कन्नड, काहींत उर्दू. लिहिलेल्या मराठी धड्यापेक्षा आवाजातला धडा आणि हातांची जवळून घेतलेली चित्रफीत इथे अधिक कामाची. मागाच्या खडखडाटात मात्र आवाज ऐकू येत नाही, म्हणून तो पाळी सुरू होण्याआधी दाखवावा लागतो. पैशांचा प्रश्न तिथेच पुन्हा उभा राहतो.

सरकारी योजनांचा ओघ याच्या उलट दिशेचा आहे. वस्त्रोद्योगासाठी 2017 साली मंजूर झालेल्या कौशल्य योजनेत अभ्यासक्रम तासांत मोजले जातात आणि हजेरी बोटांच्या ठशांवर होते. शिकण्याच्या तासांची श्रेयांकांत (क्रेडिटमध्ये) मोजदाद करणाऱ्या 2023च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात एक श्रेयांक 30 तासांचा. पाच मिनिटांचे धडे जोडत गेले तर तेवढ्यासाठी 360 धडे लागतात, म्हणजे रोज एक पाहणाऱ्याला साप्ताहिक सुट्ट्या धरून वर्षाहून जास्त काळ. तोवर त्याने शेड बदललेली असेल, तर आधीच्या शेडमधले धडे नव्या ठिकाणी कोण मोजणार, हे अजून कोणी ठरवलेले नाही.