कामाच्या ठिकाणचे नियम आणि कामगारांचा सहभाग (नागपूर)

हजेरी, पाळ्या, रजा, सुरक्षा, शिस्तभंगाची चौकशी यांचे नियम आणि ते ठरवताना कामगारांना दिलेला वाव यांचा उत्पादन, मालाचा दर्जा, अपघात व गैरहजेरी यांवर होणारा परिणाम, हा या नोंदीचा विषय आहे.

जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. गैरहजेरी ही तिची सुरुवातीची मोठी अडचण होती. केवळ दंडावर भिस्त न ठेवता व्यवस्थापनाने बक्षिसे दिली, १८८६ मध्ये निवृत्तिवेतन निधी आणि १८९५ मध्ये अपघात भरपाई सुरू केली. भरपाईचा कायदा देशात १९२३ साली आला. मात्र याला सहभाग म्हणता येणार नाही. निर्णय मालकाचाच होता.

सहभागाला कायद्याने जागा दिली ती पुढे. १९४६ च्या स्थायी आदेश (नोकरीच्या अटी व शिस्तीचे लेखी नियम) कायद्यानुसार नियमांचा मसुदा कामगार संघटनेकडे जाई, तिच्या हरकती ऐकूनच प्रमाणन अधिकारी (नियम तपासणारा सरकारी अधिकारी) तो मंजूर करी, आणि मंजूर आदेश बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत प्रवेशद्वाराजवळ लावणे बंधनकारक होते. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने १०० किंवा अधिक कामगारांच्या ठिकाणी कार्य समितीची तरतूद केली. तीत कामगारांचे प्रतिनिधी मालकाच्या प्रतिनिधींहून कमी असता कामा नयेत. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने व्यवस्थापनातील सहभाग मार्गदर्शक तत्त्वांत आला (अनुच्छेद ४३क).

समितीत बसणाऱ्याला ताळेबंद वाचता आला नाही, तर तो चहा पिऊन सही करून उठतो. म्हणूनच १९५८ साली स्थापन झालेल्या केंद्रीय कामगार शिक्षण मंडळाचे महत्त्व. त्याचे मुख्यालय अनेक दशके नागपुरातच होते. आज ते भारतीय मजदूर संघाचे संस्थापक दत्तोपंत ठेंगडी यांच्या नावाने ओळखले जाते.

सहभागाने कामगिरी का सुधारते, हे हिंगणा एमआयडीसीतल्यासारख्या एखाद्या इंजिनिअरिंग शेडमध्ये उभे राहिले की कळते. कार्यालयातून सरसकट फतवा निघतो : हातमोजे सक्तीचे. पत्रा हाताळणाऱ्याला ते हवेतच. पण ड्रिल मशीनवर हातमोजा फिरत्या बिटात अडकला तर पंजाच आत ओढला जातो. ऑपरेटरला हे पक्के ठाऊक असते. त्याला आधी विचारले तर नियम कामागणिक वेगळा लिहिला जातो. न विचारल्यास सुपरवायझर दिसताच मोजे चढतात, तो वळला की उतरतात. मग बाकीचे सुरक्षा नियमही त्याच मोलाचे ठरतात. मे महिन्यात, तापलेल्या पत्र्याखाली पाळी किती वाजता सुरू करावी, हेही तिथे राबणाराच नीट सांगू शकतो.

अमेरिकेतील हारवुड पायजमा कारखान्यातील १९४८ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग हेच दाखवतो. कामाची पद्धत बदलताना ज्या गटाला विचारलेच नाही, तिथे उत्पादन घसरलेलेच राहिले आणि ४० दिवसांत १७ टक्के कामगार सोडून गेले. बदल ठरवण्यात सगळे सामील असलेल्या गटांचे उत्पादन मात्र लवकर सावरून पूर्वीच्याही पुढे गेले. अर्थात समितीत ठरलेले अमलातच आले नाही, तर पुढच्या बैठकीला कोणी तोंड उघडत नाही.

ठेकेदाराकडच्या कामगारांचा प्रश्न सर्वांत बिकट आहे. मशीन तेच, धोका तोच; पण त्यांची हजेरी ठेकेदाराच्या वहीत असल्याने मुख्य कंपनीच्या समितीत त्यांचा आवाज सहसा पोचत नाही. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने २० किंवा अधिक कामगारांच्या ठिकाणी तक्रार निवारण समिती सांगितली, पण स्थायी आदेशांची मर्यादा १०० वरून ३०० कामगारांवर नेली. त्यामुळे लहान-मध्यम कारखान्यांत लेखी, सुनावणी होऊन ठरलेले नियम असणे आता मालकाच्या इच्छेवर राहिले आहे.