विखुरलेले जलप्रदूषण, किनारपट्टीवरील

ज्या प्रदूषणाच्या उगमावर नेमके बोट ठेवता येत नाही, जे शेत, बाग, रस्ता, वस्ती, गोठा, खाण अशा विस्तृत भूभागावरून पावसाच्या पाण्याबरोबर, जमिनीतल्या झिरप्यातून किंवा हवेतून उतरून खाडीत व समुद्रात पोचते, त्याला विखुरलेले जलप्रदूषण म्हणतात. गाळ, नत्र व स्फुरद, विष्ठेतील जंतू, कीटकनाशके, सांडलेले तेल आणि टायर-ब्रेकच्या झिजेतून सुटणारे जड धातू हे त्यातले मुख्य घटक. कारखान्याचे सांडपाणी बाहेर पडते तिथे शुद्धीकरण यंत्रणा बसवता येते. येथे बसवायला जागाच नसते. त्यामुळे नियंत्रणाचे सगळे काम जमिनीवर, पाणी वाहू लागण्याआधी करावे लागते.

संज्ञा व व्याख्या : मराठीत ‘अबिंदुस्रोत’, ‘विसरित’ व ‘विखुरलेले’ असे पर्याय आढळतात. पहिला ‘नॉनपॉइंट सोर्स’ या इंग्रजी संज्ञेचे शब्दशः भाषांतर आहे. येथे शेवटचा पत्करला आहे. शेतातून वाहणाऱ्या पाण्याविषयीचे लेखन जुने असले, तरी प्रदूषणाची ‘बिंदुस्रोत’ व ‘इतर’ अशी विभागणी रूढ झाली ती बहुधा अमेरिकेच्या १९७२ च्या जलप्रदूषण कायद्यामुळे. त्या कायद्याने बिंदुस्रोताची व्याख्या केली : ओळखता येणारे, मर्यादित व स्वतंत्र असे वहनसाधन, मग तो नळ असो, चर असो, बोगदा असो की विहीर. दुसऱ्या प्रकाराची व्याख्या मात्र केली नाही. जे पहिल्यात बसत नाही ते सारे दुसऱ्यात, एवढेच गृहीत धरले गेले.

या मोकळ्या जागेतून पुढचा बराचसा घोळ निर्माण झाला. सिंचनानंतर शेतातून परत येणारे पाणी पुष्कळदा नळातून किंवा चरातूनच येते, तरी १९७७ च्या दुरुस्तीने ते बिंदुस्रोतातून वगळले. १९८७ मध्ये शेतजमिनीवरून वाहणारे पावसाचे पाणीही वगळले गेले, आणि त्याच दुरुस्तीने मोठ्या शहरांची पर्जन्यवाहिनी मात्र परवान्याच्या कक्षेत आणली. म्हणजे एकाच सरीचे पाणी रस्त्यावर पडले तर एका प्रकारचे, बांधापलीकडे पडले तर दुसऱ्या. ही विभागणी जलशास्त्रीय नसून प्रशासकीय आहे, असे मत त्यामुळे पुढे आले, आणि तेच अधिक ग्राह्य वाटते. हवाई बेटांतील माउई येथील खटल्यात हा प्रश्न थेट किनाऱ्यावर येऊन ठेपला. लाहैना येथील केंद्रातले प्रक्रिया केलेले मैलापाणी खोल विहिरींत सोडले जाई आणि भूजलातून सुमारे अर्धा मैल प्रवास करून पॅसिफिक महासागरात निघे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २३ एप्रिल २०२० रोजी असा निकाल दिला, की भूजलातून जाणारा विसर्ग परिणामाने थेट विसर्गासारखाच असेल, तर त्यालाही परवाना हवा. त्यासाठी काल व अंतर हे दोन निकष बहुतेक वेळा महत्त्वाचे मानावेत, असेही त्यात म्हटले आहे.

केवळ किनाऱ्यासाठी केलेली अमेरिकी तरतूद १९९० ची. तिच्यानुसार मान्यताप्राप्त किनारी कार्यक्रम असलेल्या राज्यांना विखुरलेल्या प्रदूषणासाठी वेगळा आराखडा करणे भाग पडले. न केल्यास केंद्रीय अनुदानात कपात. जानेवारी १९९३ मधील मार्गदर्शिकेत शेती, वनतोड, नागरी भाग, नौकातळ (मरिना) आणि प्रवाहांत केलेले फेरफार अशा पाच वर्गांसाठी उपाय दिले आहेत. त्यांच्या जोडीला पाणथळ जागा व काठची झाडोरी यांवर स्वतंत्र भाग आहे. जानेवारी २०१५ मध्ये ऑरेगन राज्याचा आराखडा मुख्यतः वनतोडीविषयीच्या त्रुटींमुळे अमान्य झाला.

वाहून येण्याची रीत : ‘पहिला लोंढा’, म्हणजे सरीच्या सुरुवातीच्या पाण्यातच बहुतेक प्रदूषक वाहून जातात, ही कल्पना सर्वत्र सांगितली जाते, पण तिच्याविषयी एकमत नाही. पहिल्या ३० टक्के पाण्यात किमान ८० टक्के प्रदूषक असतील तरच हा शब्द वापरावा, असा निकष फ्रेंच संशोधकांनी १९९८ मध्ये मांडला. त्या मापाने तो क्वचितच आढळतो. मात्र हा वाद एकेका सरीपुरता आहे. कोरडा ऋतू दीर्घ असलेल्या प्रदेशांत हंगामाचा पहिला लोंढा ही निराळी आणि अधिक भक्कम कल्पना आहे, आणि कोकण-गोव्याला तीच लागू पडते. ऑक्टोबरपासून मेअखेरपर्यंत रस्त्यावर, डोंगरउतारावर, गोठ्यामागच्या उकिरड्यावर साचलेले सारे जूनच्या पहिल्या आठवड्यात पऱ्यांना व व्हाळांना (ओढ्यांना) मिळते. नेमक्या याच पाण्यात वलगणीचे मासे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर चढतात. तांबडे-काळे पाणी खाली खाडीकडे, मासा वर शेताकडे. कातकरी व आगरी मच्छीमार ज्या तोंडाशी भोकशी (मासे धरण्याचे साधन) लावतात, तिथे हे दोन्ही एकमेकांना भेटतात.

कोणते पोषकद्रव्य रोखावे, याविषयीचा वाद जुना आहे. तळ्यांवरील प्रयोगांतून स्फुरद निर्णायक ठरले. १९७१ मध्ये रायथर व डन्स्टन यांनी किनारी समुद्रात नत्र निर्णायक असल्याचे मांडले. खाडीत क्षारता ऋतूनुसार बदलते, म्हणून दोन्ही रोखावीत हा अलीकडचा कल सावध आणि योग्य आहे.

अरबी समुद्रातील प्राणवायूचा प्रश्न : पावसाळ्यात तळचे थंड, प्राणवायू कमी असलेले पाणी पश्चिम किनाऱ्यालगत वर येते. गोव्यात कांदोळीसमोर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने १९९७ पासून केलेल्या निरीक्षणांत सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तळाजवळ प्राणवायू संपून हायड्रोजन सल्फाइड आढळतो. नक्वी व सहकाऱ्यांनी २००० मध्ये असे सुचवले, की ही अवस्था तीव्र होत असून जमिनीवरून येणारे वाढीव नत्र हे त्याचे एक कारण असावे. नंतरच्या अभ्यासांत समुद्राच्या स्वाभाविक चढउताराकडे अधिक लक्ष वेधले गेले. हिंदी महासागर द्विध्रुव धन असताना, म्हणजे या महासागराची पश्चिम बाजू पूर्वेच्या मानाने नेहमीपेक्षा अधिक तापलेली असताना, प्राणवायूशून्यता येत नाही, असे २०१७ मधील एका अभ्यासात दाखवले आहे. मूळ प्रक्रिया नैसर्गिक आहे याबद्दल दुमत नाही. पण जो समुद्र दरवर्षी स्वतःच गुदमरण्याच्या काठावर येतो, तिथे जमिनीवरून जाणारे थोडे नत्रही दुर्लक्षिण्याजोगे नसते.

नियंत्रण : उपायांचे तीन टप्पे मानता येतील : उगमाशी कमी वापर, वाटेत अडवण, काठाशी गाळण. पहिला सर्वांत स्वस्त. भाताच्या लावणीनंतर साचल्या पाण्यात युरिया फोकला आणि दुसऱ्या दिवशी मुसळधार पाऊस झाला, की पाणी बांधावरून उतरते आणि खतही त्याबरोबर जाते. चारसूत्री भातलागवडीत याला साधे उत्तर आहे. चुडे (रोपांचे झुबके) २५ व १५ सेंमी. अशा आलटून-पालटून अंतरावर लावतात आणि दर चार चुडांच्या मधोमध २.७ ग्रॅमची युरिया-डीएपी ब्रिकेट (खताची दाबून केलेली गोळी) ७ ते १० सेंमी. खोल हाताने खोचतात. चिखलात दडलेले खत वरच्या पाण्यात फारसे येत नाही. ही पद्धत उत्पन्न वाढवण्यासाठी रुजवली गेली. खाडीला झालेला तिचा उपयोग सहसा कोणी मोजत नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

काठच्या झाडोरीविषयी अमेरिकेतील चेसापीक उपसागरालगतच्या ऱ्होड नदीकाठचा, १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास मूलभूत मानला जातो. शेत आणि ओढा यांमधली वनपट्टी नत्र मोठ्या प्रमाणात अडवते, हे त्यात दिसले. मात्र पाणी पातळ थराने पसरून किंवा जमिनीतून गेले तरच पट्टी काम करते. पाण्याने घळ पाडली की पट्टी कितीही रुंद असो, पाणी तिच्यातून न गाळताच जाते. भूजलातले नत्र तर काही वर्षांपासून काही दशकांपर्यंत वाटेत राहू शकते, त्यामुळे आजच्या उपायाचे फळ उशिरा दिसते.

खारजमिनी व खाजणे : भरतीच्या खाऱ्या पाण्यापासून बांध घालून राखलेल्या खाडीकाठच्या जमिनींना महाराष्ट्रात खारजमिनी, गोव्यात खाजणे म्हणतात. रायगडात खाडीच्या बांधातील झडपेच्या दाराला ‘उघाडी’, गोव्यात ‘मानस’ म्हणतात. भरतीच्या दाबाने ते मिटते, ओहोटीला उघडते. कोकणच्या मौर्य घराण्यातील राजा अनिर्जितवर्मा याच्या गोव्यातील बांदोडे येथील ताम्रपटात ‘खज्जन’ जमिनीचा उल्लेख आहे. तो साधारणतः सहाव्या-सातव्या शतकातला मानतात. ही रचना खारे पाणी रोखण्यासाठी होती, तरी आतल्या पाण्याचा गाळ बसण्याला तीत वेळ मिळतो. उलट गोव्यात खाणींच्या ढिगाऱ्यांवरून वाहून आलेल्या मातीने कित्येक शेते व खाजणे भरली. गावाने मिळून बांध राखण्याची रायगडातील ‘जोळ’ पद्धत मागे पडली; १९४८ च्या व पुढे १९७९ च्या खारजमीन कायद्याने बांधांची जबाबदारी मुख्यतः शासनाकडे आली.

भारतीय कायदा : १९७४ च्या जलप्रदूषण कायद्यात ही संज्ञा येत नाही, तो सांडपाण्याच्या विसर्गाला संमती देण्याभोवती रचलेला आहे. किनारी पाण्याचे एसडब्ल्यू-१ ते एसडब्ल्यू-५ असे वर्ग असून स्नानयोग्य दुसऱ्या वर्गात विष्ठाजन्य कोलिफॉर्म जंतूंची मर्यादा १०० मिलिलिटरला १०० आहे. १९९१, २०११ व २०१९ च्या किनारा नियमन अधिसूचना समुद्रासमोर भरतीरेषेपासून सर्वसाधारणपणे ५०० मीटरपर्यंतच्या जमीनवापराचे नियमन करतात. पऱ्याचे पाणी त्याच्या बरेच वरून, सह्याद्रीच्या पायथ्यापासून येते.