छोटं कॉलेज ‘सेफ्टी’ म्हणून निवडताना मेरिट स्कॉलरशिपचा हिशेब
अमेरिकेत पदवीसाठी अर्ज करणारे विद्यार्थी आणि पालक यांच्यासाठी

सेफ्टी म्हणजे जवळपास हमखास प्रवेश मिळेल असं यादीतलं कॉलेज. पण नुसता प्रवेश मिळतो म्हणून कॉलेज सेफ्टी ठरत नाही. चार वर्षांचा खर्च घरच्या पैशांत बसायला हवा आणि मुलाची किंवा मुलीची तिथे मनापासून जायची तयारी हवी. यातलं एक जरी नसेल तर ते नाव यादीतून काढा.

आयव्ही लीगच्या आठांपैकी एकही विद्यापीठ मेरिट स्कॉलरशिप, म्हणजे घरची परिस्थिती न बघता गुणवत्तेवर मिळणारी सवलत, देत नाही. नामांकित छोटी कॉलेजं असलेल्या विल्यम्स आणि अ‍ॅमहर्स्टमध्येही मदत फक्त घरच्या आर्थिक स्थितीवर ठरते. उलट ओहायोतलं वूस्टर, इलिनॉयमधलं नॉक्स, विस्कॉन्सिनमधली लॉरेन्स आणि बेलॉइट, आर्कान्सातलं हेन्ड्रिक्स ही कॉलेजं चांगले विद्यार्थी यावेत म्हणून फी बरीच कमी करतात. डेनिसनही मेरिट देतं, पण तिथला प्रवेश आता इतका अवघड झालाय की त्याला सेफ्टीत धरू नका.

एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वर जाणाऱ्यांना, तसंच अमेरिकेत एच-४ (एच-१बीवर काम करणाऱ्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) वर वाढलेल्या मराठी मुलांना अमेरिकेच्या केंद्र सरकारची आर्थिक मदत मिळत नाही. त्यांनी गरजेवर आधारित मदत मागितली, तर बहुतेक छोटी कॉलेजं प्रवेश ठरवतानाच ती मागणी विचारात घेतात आणि सेफ्टी तिथेच डळमळते. अशा घरांनी भिस्त मेरिटवरच ठेवावी. कॉलेजच्या संकेतस्थळावरचं, मदत वजा जाता किती खर्च येईल याचा अंदाज देणारं नेट प्राइस कॅल्क्युलेटर सहसा नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांसाठी असतं, त्यातला आकडा तुमचा समजू नका.

खरा आकडा ‘कॉमन डेटा सेट’मध्ये, म्हणजे कॉलेजं ठरावीक नमुन्यात प्रसिद्ध करतात त्या आकडेवारीत, सापडतो. कॉलेजच्या नावापुढे हे शब्द टाकून शोधा आणि एच विभाग उघडा. नागरिक असाल तर एच-२ मध्ये पहिल्या वर्षाच्या रकान्यातल्या ‘ए’ ओळीतून ‘सी’ वजा करा. ही झाली गरज नसलेल्या किंवा मदतीचा अर्जच न केलेल्या विद्यार्थ्यांची संख्या. तिने एच-२ए मधल्या ‘एन’ ओळीला भागा. समजा ए ४५०, सी ३०० आणि एन १४० असेल, तर १५० पैकी १४० जणांना मेरिट मिळालं. सरासरी रक्कम त्याखालच्या ‘ओ’ ओळीत असते. एफ-१ आणि एच-४ वाल्यांना या आकड्यांवर विसंबता येत नाही, कारण परदेशी विद्यार्थी त्यात वेगळे दाखवलेले नसतात. त्यांनी एच-६ बघावं आणि तिथली संख्या बी-२ मधल्या परदेशी विद्यार्थ्यांच्या संख्येशी ताडावी.

आपले एसएटीचे गुण सी-९ मधल्या ७५व्या पर्सेंटाइलच्या वर असले, तरच कॉलेज सेफ्टी म्हणा. सी-७ मध्ये ‘अर्जदाराची आवड’ महत्त्वाची असं लिहिलं असेल, तर ऑनलाइन माहितीसत्राला हजेरी लावा आणि कॉलेजच्या ईमेलना उत्तर द्या. उत्तम गुणांचा विद्यार्थी कधीच संपर्क करत नसेल, तर हा येणार नाही असं धरून त्याला नकार किंवा वेटलिस्ट मिळू शकते.

सगळ्यात जास्त फसगत रकमेत होते. बहुतेक मेरिट डॉलरमध्ये ठरलेलं असतं, फी मात्र दरवर्षी वाढते. समजा एकूण खर्च ७०,००० डॉलर आणि मेरिट ३२,०००. पहिल्या वर्षी घरून ३८,००० जातील. खर्च वर्षाला ४ टक्के वाढला, तर चौथ्या वर्षी सुमारे ४६,७०० लागतील. चार वर्षांत मिळून अंदाजापेक्षा १७,००० डॉलरहून जास्त. स्कॉलरशिप टिकवायला किती जीपीए (कॉलेजातले सरासरी गुण) लागतो, तेही लेखी विचारा.

इंजिनिअरिंग हवं असेल तर जास्त जपून. अनेक छोट्या कॉलेजांत तीन वर्षं तिथे आणि दोन वर्षं मोठ्या विद्यापीठात अशी ३-२ योजना असते. पहिल्या कॉलेजचं मेरिट शेवटच्या दोन वर्षांना सहसा लागू होत नाही.

कॉलेज टिकेल का, हेही तपासा. बर्मिंगहॅम-सदर्न आणि वेल्स ही दोन्ही जुनी कॉलेजं २०२४ मध्ये बंद झाली. गेल्या पाच वर्षांत विद्यार्थिसंख्या सतत घसरत असेल आणि विभाग बंद होत असतील, तर सवलत कितीही मोठी असली तरी आम्ही ते कॉलेज सुचवत नाही.

अर्ज अर्ली अ‍ॅक्शनमध्ये करा, अर्ली डिसिजनमध्ये नको. दोन्हींत अर्ज लवकर होतो, पण अर्ली डिसिजनमध्ये प्रवेश मिळाला तर तिथेच जाणं बंधनकारक असल्यामुळे ऑफर शेजारी ठेवून तुलना करता येत नाही. ऑफरपत्रात कर्ज आणि कॅम्पसवरच्या कामाची कमाईही ‘मदत’ म्हणून मिळवलेली असते. ती वगळून उरलेला आकडा पाहा आणि मगच १ मेच्या आत एकाच कॉलेजची अनामत भरा.