किटचा जीएसएम आणि आतला घाम

पीपीई किट विकत घेणारा मोठ्या रुग्णालयाच्या स्टोअरमधला असो की छोट्या नर्सिंग होममधला, त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "किती जीएसएमचा आहे?" कोविडच्या काळात हा प्रश्न इतका रुजला की जीएसएम जास्त म्हणजे किट भारी, हे आता गृहीतच धरलं जातं. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. लग्नपत्रिकेच्या कागदालाही जीएसएम असतो. कापड रक्त अडवेल का, हे त्यावरून कळत नाही. आत कोंडलेली सिस्टर किती तास उभी राहू शकेल, हे तर मुळीच कळत नाही.

दुसऱ्या गोष्टीचा हिशेब आधी करू. राउंड घेणारी, पेशंटला कुशीवर वळवणारी, सलाइन बदलणारी व्यक्ती साधारण २०० वॅट उष्णता तयार करते. वॉर्डात ३२ अंश आणि त्वचा ३५ अंशांवर असेल, तर तीन अंशांच्या फरकाने, त्यातही दोन थर कपड्यांतून, फारशी उष्णता बाहेर जात नाही. उरतो घाम. एक ग्रॅम घाम वाळताना अंगातून सुमारे २.४ किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. २०० वॅट म्हणजे तासाला ७२० किलोज्यूल, म्हणजे तासाला ३०० ग्रॅम घामाची वाफ व्हायला हवी. इथे "वाफ" हा शब्द महत्त्वाचा. पाठीवरून ओघळून बुटात साचलेला घाम फुकट गेला. शरीरातलं पाणी आणि मीठ गेलं, गारवा काही मिळाला नाही.

आता हे ३०० ग्रॅम कापडातून बाहेर पडायला हवेत. अंगाचं क्षेत्रफळ १.७ चौरस मीटर धरलं, तर दर चौरस मीटरमधून २४ तासांत सुमारे ४,२०० ग्रॅम वाफ जायला हवी. कापडाचा हा आकडा प्रयोगशाळेत मोजता येतो. खरेदीच्या वेळी तो मागणारे मात्र विरळाच.

किटमधल्या कव्हरऑलचं, म्हणजे अंगभर घालायच्या एकसंध पोशाखाचं, नेहमीचं कापड म्हणजे पॉलिप्रॉपिलीनचं न विणलेलं कापड, त्यावर चिकटवलेली प्लास्टिकची पातळ फिल्म. ही फिल्म दोन जातींची असते आणि सगळी गोम तिथेच आहे. एक साधी, सलग पॉलिथिलीनची. दुधाच्या पिशवीतून वाफ जाईल तेवढीच हिच्यातून जाते. दुसरी सूक्ष्मछिद्री. ती बनवण्याची रीत फार सुंदर आहे. वितळलेल्या पॉलिथिलीनमध्ये खडूची, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटची, अतिबारीक पूड मिसळतात, तिची फिल्म काढतात आणि ती ताणतात. प्लास्टिक ताणलं जातं, खडूचा कण ताणला जात नाही. त्यामुळे प्रत्येक कणाभोवती प्लास्टिक सुटून पोकळी तयार होते, आणि शेजारच्या पोकळ्या एकमेकींना जोडल्या जाऊन वेड्यावाकड्या वाटा बनतात. बाळाच्या डायपरचा बाहेरचा थर बहुतेक वेळा याच फिल्मचा असतो.

भोकं आहेत तर रक्त कसं अडतं? छिद्र साधारण एक मायक्रॉनचं, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचं, किंवा त्याहून लहान. पाण्याचा रेणू त्याच्या काही हजारपट लहान, म्हणून वाफ सुटी-सुटी आरामात निघून जाते. द्रव मात्र सुटा जात नाही, तो पृष्ठभाग घेऊन जातो. पॉलिथिलीनला पाणी नीट चिकटत नाही, थेंब फुगून राहतो. असा फुगलेला पृष्ठभाग बारीक छिद्रात ढकलायला दाब लागतो, आणि छिद्र जितकं लहान तितका दाब जास्त. सूत्र सोपं आहे: पृष्ठताणाला (द्रवाचा पृष्ठभाग ताणून धरणाऱ्या बलाला) चारने गुणा, थेंब आणि प्लास्टिक यांच्यातल्या कोनाच्या कोसाइनने गुणा आणि छिद्राच्या व्यासाने भागा. पाण्यासाठी ०.०७२ न्यूटन प्रति मीटर, कोन १०५ अंश, छिद्र एक मायक्रॉन घेतलं, तर उत्तर येतं सुमारे ७५ किलोपास्कल. म्हणजे साडेसात मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ! हेच सूत्र शिवणीतल्या सुईच्या ०.८ मिलिमीटरच्या भोकाला लावा. उत्तर जेमतेम एक सेंटिमीटर. म्हणून शिवणीवर गरम हवेने चिकटवलेली टेप हवीच. कापड कितीही जाड असलं तरी टेप नसेल तर त्या किटचा रेनकोटसुद्धा होत नाही.

रक्ताचा पृष्ठताण पाण्यापेक्षा कमी असतो, म्हणून ते पाण्यापेक्षा सहज आत शिरतं. त्यामुळेच आयएसओ १६६०३ या चाचणीत ०.०४२ पृष्ठताणाचं कृत्रिम रक्त वापरतात आणि दाब पायरीपायरीने २० किलोपास्कलपर्यंत वाढवत नेतात. भारतात कोविडसाठी तिसरी पायरी, म्हणजे ३.५ किलोपास्कल, किमान धरली होती. रक्तातला विषाणू थेंबात बसूनच येतो. थेंब अडला की तोही अडला.

आता सॅनिटायझर. सत्तर टक्के अल्कोहोलचा पृष्ठताण ०.०२६ च्या आसपास, आणि तो पॉलिथिलीनवर थेंब न धरता पसरतो. छिद्राने विरोध करण्याऐवजी ते उलट त्याला आत ओढून घेतं. बाहेर आलेल्या माणसाला उभं करून अंगभर सॅनिटायझर फवारण्याची जी पद्धत पडली होती, तिने कापडावरची घाण आत जायला वाट मोकळी होते. एन-९५ मास्कवर फवारलं तर त्याच्या तंतूंवरचा विद्युतभारही उतरतो, मग तो नुसता फडका.

हे सगळं स्टोअरमध्येच तपासता येतं. किटचा एक तुकडा घ्या. ग्लासात गरम पाणी अर्धं भरून त्यावर तुकडा रबरबँडने ताणून बसवा. वर थंड स्टीलची ताटली धरा. मिनिट-दोन मिनिटांत ताटलीवर दव आलं तर फिल्म सूक्ष्मछिद्री. ताटली कोरडीच राहिली तर सलग. मग ग्लास सिंकवर उलटा करा, थेंब पडता कामा नये. ही काही रक्ताची चाचणी नव्हे. पण किट घालून काय हाल होणार, हे पाच मिनिटांत कळतं.

चांगली फिल्मसुद्धा सगळीकडे सारखी चालत नाही. वाफ बाहेर जाते ती आतल्या-बाहेरच्या बाष्पदाबातल्या, म्हणजे हवेतल्या वाफेच्या दाबातल्या, फरकामुळे. ओल्या त्वचेजवळ हा दाब ५.६ किलोपास्कल असतो. मुंबईत, एसी बंद असलेल्या वॉर्डात, ३२ अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेला बाहेरचा दाब ३.६, फरक दोनचा. एसी २४ अंशांवर लावला, आर्द्रता ५५ टक्के झाली, की फरक चारचा. तेच किट दुप्पट "श्वास" घेतं. चंद्रपुरात मे महिन्यात ४४ अंश आणि १५ टक्क्यांनाही फरक चारच्या वरच, पण तिथे बाहेरची हवाच अंग तापवते. कुलाब्यातल्या नौदलाच्या अश्विनी रुग्णालयातून २०२० मध्ये आलेल्या नवरक्षक किटचा भर वाफ जाऊ देणाऱ्या कापडावर होता, तो मुंबईच्या दमटपणात समजण्यासारखा आहे. रक्ताच्या चाचणीतही त्याने सहापैकी सहावी पायरी गाठली होती.

मास्कमध्ये कापराची पुरचुंडी किंवा पेपरमिंटचा थेंब ठेवणाऱ्यांना गार वाटतं, ते खरं. पेपरमिंटमधलं मेंथॉल थंडीची जाणीव देणाऱ्या चेतातंतूंना फसवतं. ताप मोजला तर अंश तेवढेच, आणि विषाणूला त्याचं काही सोयरसुतक नसतं. "अँटीव्हायरल नॅनो" असं छापलेल्या किटकडेही त्याच नजरेने पाहावं.

गॉगलचा त्रास वेगळा, पण शास्त्र तेच. उच्छ्वासाची दमट हवा मास्कच्या वरच्या कडेतून निसटते, थंड काचेवर दव धरते, आणि हजारो बारीक थेंब प्रकाश विखुरतात. शीर सापडत नाही ती यामुळे. काचेच्या आतून लिक्विड सोपचा एक थेंब बोटाने चोळून वाळू द्यावा. साबण पृष्ठताण घटवतो, थेंबांऐवजी सपाट थर बनतो आणि आरपार दिसतं. मास्कची नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबून बसवली तर हवा मुळातच कमी निसटते.

मापाकडे मात्र सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. एकच "फ्री साइज" सिस्टरला, डॉक्टरला आणि सहा फुटी वॉर्डबॉयला. लहान पडलेलं किट उकिडवं बसताना जांघेत उसवतं; मोठं असलेलं पायात येतं आणि हात वर केला की बाही हातमोज्यातून निघून मनगट उघडं पडतं. खरेदीपूर्वी सर्वांत उंच आणि सर्वांत ठेंगण्या कर्मचाऱ्याला नमुना घालायला द्या. दोन्ही हात डोक्यावर, मग उकिडवं बसणं, मग पुढे वाकणं, असं पाच-पाच वेळा करायला लावा. नंतर किट उतरवायला सांगा: बाहेरचे हातमोजे, मग कव्हरऑल आतून बाहेर गुंडाळत खाली, मग गॉगल, शेवटी मास्क. चेन ओढताना एका हाताने फडफडती पट्टी धरून ठेवावी लागत असेल, किंवा घोट्याशी पाय अडकून भिंतीला हात टेकवावा लागत असेल, तर ते किट परत पाठवा.