भाजलेल्या कातडीखाली काय उरलं?

तव्यावरची ज्वारीची भाकरी टम्म फुगते, उलथताना फुटते आणि वाफेचा झोत मनगटावर येतो. सोलापुरातल्या स्वयंपाकघरांना ही घटना नवी नाही. थोड्या वेळात पाण्यानं भरलेला पातळ फोड उठतो आणि साधारण २ आठवड्यांत जखम भरून येते. सूत रंगवण्याच्या हौदातलं उकळतं पाणी पायावर सांडलं, तर मात्र महिने जातात आणि कातडी आखडते. दोन्हींत फरक पडतो तो भाजणं किती खोल गेलं यानं.

कातडीच्या वरच्या थराच्या तळाशी नव्या पेशी घडवणाऱ्या मूळपेशी, म्हणजे स्टेम सेल, असतात. वाफेनं त्या जळतात. पण केसांची मुळं आणि घामाच्या ग्रंथी खालच्या थरात उतरलेल्या असतात आणि तिथेही मूळपेशींचा साठा असतो. तिथून नव्या पेशी वर सरकतात, पसरतात, एकमेकींना भिडतात. भरत येणाऱ्या जखमेत केसांच्या मुळाशी दिसणारे बारीक ठिपके ते हेच. खोल भाजल्यावर हा साठाही जातो. मग पेशी फक्त कडेनं येतात. ३ आठवड्यांत जखम भरली नाही, तर जाड व्रण राहण्याचा धोका वाढतो. अशा वेळी बहुधा अंगाच्या दुसऱ्या भागाची कातडी काढून तिथे लावावी लागते.

म्हणून पहिला उपचार उरलेल्या पेशी वाचवण्याचा. अंगठी, बांगड्या सूज येण्याआधीच काढा. भाजलेल्या जागी २० मिनिटं थंड पाणी ओता. ३ तासांच्या आत केलं तरी उपयोग होतो. सोलापुरात दोन अडचणी येतात: नळाला रोज पाणी नसतं आणि एप्रिल-मेमध्ये टाकीचं पाणी तापलेलं असतं. आधी हात घालून बघा, गरम लागलं तर माठातलं घ्या. फोड फुटलेला नसेल, तर खाली स्वच्छ टब ठेवून तेच पाणी थंड असेपर्यंत पुन्हा ओतता येतं. बर्फ लावू नका. त्यानं रक्तवाहिन्या आकसतात आणि जेमतेम तग धरून असलेल्या पेशींचा रक्तपुरवठा तुटतो. चिकटलेला कपडा ओढू नका. भाजणं तळहातापेक्षा मोठं असेल, चेहऱ्यावर, हातावर किंवा सांध्यावर असेल, तर थेट रुग्णालय गाठा.

आता हळद. हळदीतलं कर्क्युमिन दाह कमी करतं हे खरं, पण पुडीतल्या हळदीत ते वजनाच्या साधारण ३ टक्केच असतं आणि पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. संशोधक म्हणूनच ते जेलमध्ये किंवा अतिसूक्ष्म कणांत बांधून वापरतात. चमचाभर हळदीनं जखमेत जंतू मात्र जाऊ शकतात, आणि पिवळ्या थराखाली भाजणं किती खोल आहे हे डॉक्टरांना दिसत नाही. कोरफडीचा गर फक्त लालसर, न फुटलेल्या कातडीवर लावावा. पान कापून १०-१५ मिनिटं उभं ठेवा, सालीलगतचा पिवळा चीक गळू द्या, तो कातडीला झोंबतो.

वनस्पतीतून आलेलं माझ्या मते सर्वांत भक्कम औषध अननसाच्या खोडातलं आहे: ब्रोमेलेन नावाच्या विकरांचं (एन्झाइमांचं) मिश्रण. युरोपात २०१२ मध्ये आणि अमेरिकेत २०२२ मध्ये त्याला मान्यता मिळाली. जखमेवर ४ तास ठेवल्यावर ते मेलेली कातडी विरघळवतं, जिवंत भाग बहुतांशी सोडतं. ते दुखतं, म्हणून वेदनाशमन देऊन रुग्णालयातच वापरतात. घरच्या अननसाच्या रसानं हे होत नाही. केळीच्या पानाचं काम वेगळं. निर्जंतुक केलेलं पान गुळगुळीत असल्यानं जखमेला चिकटत नाही आणि ड्रेसिंग बदलताना नव्या पेशी उपटल्या जात नाहीत.

पेशी वाढवून लावण्याचं तंत्रही जुनंच. १९७५ मध्ये ऱ्हाइनवाल्ड आणि ग्रीन या शास्त्रज्ञांनी माणसाच्या कातडीच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या. १९८३ मध्ये अमेरिकेत अंगाचा बहुतेक भाग भाजलेल्या दोन भावांवर अशा पेशींचे पापुद्रे लावले गेले. टपाल तिकिटाएवढ्या तुकड्यापासून पुरेसे पापुद्रे तयार व्हायला ३ आठवडे लागतात. ते काही पेशींइतकेच जाड असतात; खाली चांगला थर नसेल किंवा जंतुसंसर्ग झाला, तर निसटून जातात.

चरबीतून किंवा नाळेतून घेतलेल्या मूळपेशींबद्दल गैरसमज मोठा आहे. त्या कातडी बनत नाहीत; रक्तवाहिन्या वाढवणारे, दाह आवरणारे संदेश सोडतात आणि काही आठवड्यांत बहुतेक नाहीशा होतात. भाजलेल्यांसाठी हा उपचार भारतात फक्त मान्यताप्राप्त वैद्यकीय चाचणीतच (क्लिनिकल ट्रायल) देता येतो, असं आयसीएमआरचे, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे, २०१७ चे नियम सांगतात. कुणी पैसे घेऊन देऊ केला, तर चाचणीची नोंदणी मागा.

वाढवलेल्या कातडीत घामाच्या ग्रंथी नसतात. अंगाचा मोठा भाग असा भरलेल्या माणसाला सोलापूरच्या मे महिन्यात घामानं अंग पुरेसं थंड करता येत नाही. त्याला दुपारी घरात ठेवा, अंगावर ओला पंचा टाका आणि तहानेची वाट न बघता पाणी द्या.